अंगठ्यावरचा कोरस

पाथरीच्या बसस्थानकावर ज्यांनी कधी गाडीची वाट पाहिली आहे, त्यांनी धम्मशीलाताईंना पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. मानवतमार्गे परभणीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." चौकशीच्या खिडकीआड बसून त्या हे वाक्य चौदा वर्षं म्हणत आल्या आहेत. हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा. कंडक्टर लोक मॅडम म्हणतात, खेड्यातली म्हातारी माणसं नुसतं बाई म्हणतात.

मी मानवतचा. नोकरीसाठी रोज पाथरीला ये-जा करतो, त्यामुळे त्यांचं हे वाक्य मला पाठ आहे. त्यात एक गंमत आहे. 'मानवतमार्गे' त्या जरा वरच्या सुरात उचलतात, 'परभणीकडे' खाली आणतात आणि 'दोनवर' म्हणायच्या आधी अर्धा क्षण थांबतात. त्या अर्ध्या क्षणात त्यांच्या हातातली पेन्सिल टेबलावर एकदा वाजते. माइक चांगला असल्यामुळे ती टकटक साऱ्या स्थानकाला ऐकू येते. मला वाटायचं, सवय असेल. ती सवय नव्हती, तो ठेका होता, हे मला फार उशिरा कळलं.

ताई मूळच्या ताडकळसच्या. त्यांचे वडील लिंबाजी यांची गायन पार्टी होती. एप्रिल लागला की जयंतीचे कार्यक्रम सुरू व्हायचे. टेम्पोत पेटी, ढोलकी आणि सतरंजी टाकून ही मंडळी गावोगाव जायची. लिंबाजी पेटीवर बसून ओळ टाकायचे आणि मागं चौघी कोरस धरायच्या: ताई, त्यांची आई सुलाबाई आणि दोन चुलत बहिणी. ताई नऊ वर्षांच्या असल्यापासून त्या रांगेत उभ्या होत्या. पुढं एका बहिणीचं लग्न होऊन ती नांदेडला गेली, दुसरी पुण्याला. ढोलकीवाल्यानं किराणा दुकान टाकलं. सहा वर्षांपूर्वी लिंबाजी वारले आणि पार्टी संपली. ताईंचं गाणंही तिथंच थांबलं.

"एकटीनं कोरस कसा धरावा माणसानं?" असं त्या म्हणायच्या. "कोरसला चार तोंडं लागतात."

त्यांचे यजमान सिद्धोधन सर पाथरीतच एका शाळेत चित्रकला शिकवतात. सडपातळ, विसराळू माणूस. बोटांना कायम शाई. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात ते संभाजीनगरला कलाशिक्षकांच्या शिबिराला गेले होते. तिथं नाशिकची एक मुलगी एकटीच स्टेजवर आली. तिनं आधी टाळ्या वाजवल्या, मग तोंडानं ढोल काढला, मग गायली, आणि बघता बघता तिच्या एकटीच्या मागं दहा माणसं असल्यासारखं वाजायला लागलं. सर कार्यक्रम संपल्यावर तिच्यापाशी जाऊन बसले. हे काय आहे, कुठं मिळतं, कसं जोडायचं, सगळं वहीत चित्रं काढून लिहून घेतलं. महिनाभरानं पार्सल घरी आलं. आत तळहाताएवढा लोखंडी डबा, वर एक मोठं बटन.

"हे काय, मिक्सरचं बटन आणलं का?" ताईंनी विचारलं.

"लूपर म्हणतात ह्याला. पायानं दाबायचं. एकदा दाबलं की ऐकायला लागतं. परत दाबलं की ऐकलेलं बोलायला लागतं, आणि बोलतच राहतं. त्याच्यावर आपण अजून काही म्हणायचं, ते पण त्यात मिसळतं."

"आणि थांबतं कवा?"

"लागोपाठ दोनदा दाबलं की."

"मग तुमच्यापेक्षा बरंय."

पहिल्यांदा माइक हातात आल्यावर काय म्हणावं हे ताईंना सुचेना. जे तोंडावर होतं तेच त्या बोलल्या: परभणीची गाडी, फलाट क्रमांक दोन. मधेच स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सरांनी बटन दाबलं, आणि घरात गाडी लागायला सुरुवात झाली. परभणी, शिट्टी, फलाट दोन. परभणी, शिट्टी, फलाट दोन.

सुलाबाई लेकीकडंच राहतात. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आगं, आज सुट्टी हाय ना तुला? आन् घरात कुठली गाडी लागायलीय?"

ताई एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

पण पुढचा महिना हसण्यासारखा नव्हता. हा डबा दिसायला सोपा आणि वागायला आडमुठा. बटन जरा आधी दाबलं तर शेवटचं अक्षर कापलं जायचं, जरा उशिरा दाबलं तर मधे खड्डा पडायचा, आणि तो खड्डा दर फेऱ्याला परत यायचा. गाणं लंगडायला लागायचं. ताईंनी चप्पल काढून पाहिली. अनवाणी अंगठ्याला बटन नीट कळत होतं, तरी लंगडणं काही जाईना. दुपारच्या ड्यूटीवरून आल्या की अर्धा तास रोज त्या डब्याशी झुंजायच्या आणि बेजार होऊन उठायच्या.

एक दिवस सुलाबाई शेंगा फोडत हे बघत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या बापाची ओळ संपली की आमी कवा उचलायचो?"

"संपल्याबरोबर."

"संपल्याबरोबर उचलायचं तर तोंड आदीच उघडून ठेवावं लागायचं. तू तर ओळ संपल्यावर पाय उचलायलीस. आदी उचलून ठेव, मग नुसता सोडायचा."

ताईंनी पाय हवेत धरून ठेवला, ओळ गायली आणि शेवटच्या अक्षरावर अंगठा सोडला. फेरा जुळला. कुठून सुरू होतो आणि कुठं संपतो ते कळतच नव्हतं. त्याच्यावर त्यांनी तीच ओळ खालच्या सुरात गायली, मग वरच्या सुरात, मग मधल्या. चौथ्यांदा अंगठा उचलला तेव्हा त्या स्वतः गप्प होत्या आणि डब्यातून चौघीजणी गात होत्या. सुलाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. बराच वेळ कुणी डबा बंद केला नाही.

सिद्धोधन सरांना नुसतं ऐकत बसणं जमणारं नव्हतं. त्यांनी जुन्या दाराची काच एका लाकडी खोक्यावर बसवली, आत बल्ब लावला, आणि वरून खाली बघणारा मोबाइल एका स्टँडवर अडकवला. मोबाइल प्रोजेक्टरला जोडला. आता काचेवर जे काही ठेवाल ते पडद्यावर बैलगाडीएवढं दिसायचं. पाण्यात शाईचा थेंब सोडला की पडद्यावर ढग फुटायचा. ताईंचा डबा आवाज फिरवायचा तसं मोबाइलमधलं एक ॲप चित्र फिरवायचं. हाताची एक हालचाल टिपली की ती पुन्हा पुन्हा होत राहायची, आणि सरांचा हात पुढच्या कामाला मोकळा.

आधी काय, नंतर काय, हे दोघांनी ठरवून पाहिलं. सर हटकून विसरायचे. कोरस चालू असताना शेत दाखवायचं ठरलेलं, तर हे मासा काढून बसायचे.

"तुमी ठरवून केलं की चुकता," ताई म्हणाल्या. "आपण ठरवायचंच न्हाई. मी जे म्हणीन त्याच्याकडं तुमी बघा, तुमी जे काढाल त्याच्याकडं मी बघते."

अशा रीतीनं त्यांचा कार्यक्रम तयार झाला. म्हणजे खरं तर तयार असं काहीच झालं नाही.

मानवतला आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन असतो. कार्यवाह व्यंकटराव हे निवृत्त मुख्याध्यापक, शिस्तीचे. गेल्या वर्षीच्या जानेवारीत त्यांनी ठरवलेला गायक घसा बसल्यामुळे येणार नाही असं आदल्या दिवशी कळलं. ते माझ्याकडं आले. मी कंट्रोलर मॅडमचं नाव सांगितलं, कारण त्यांचा सराव मी एकदा त्यांच्या घरी ऐकला होता.

"गाडी सांगणाऱ्या बाई?" व्यंकटराव म्हणाले. "त्या काय गातात?"

"ते त्यांनाही आधी माहीत नसतं," मी म्हणालो. व्यंकटरावांना हे अजिबात आवडलं नाही. पण वेळ नव्हता.

संध्याकाळी साडेसहाला अंगणातला मांडव भरला. अडत्ये, शिक्षक, बाया, बाजाराला आलेले शेतकरी. पहिल्या रांगेत खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा धनगर बसला होता. नाव उमाजी, गाव पाथरीच्या अलीकडचं. मेंढरांचं औषध न्यायला मानवतला आला होता. रस्त्यानं जाताना त्याला स्टेजवर ओळखीची बाई दिसली, म्हणून आत येऊन बसला. व्यंकटरावांचं भाषण, हार, दिवा, असं करत कार्यक्रम सुरू व्हायला साडेसात वाजले.

ताईंनी चप्पल काढली. पिशवीतून तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा काढला. मशिनी यायच्या आधी कंडक्टरच्या हातात असायचा तो. एका निवृत्त कंडक्टरकाकांनी आठवण म्हणून त्यांना दिलेला. माइकपाशी धरून त्यांनी तो वाजवला: टिक टिक, टिकटिक टिक. अंगठा सोडला. चिमटा खाली ठेवला तरी टिकटिक चालूच. मांडवात चुळबुळ झाली. मग त्यांनी छातीवर हाताची थाप देऊन खालचा ठेका भरला, आणि मग कोरसची ओळ गायला सुरुवात केली. मागं पडद्यावर सरांच्या शाईचा निळा डोह हलत होता. लोक शांत झाले होते. व्यंकटरावांचा चेहराही जरा सैल पडला होता.

आणि नेमकं त्याच वेळी, डब्याचा कान उघडा असताना, उमाजी पहिल्या रांगेतून खणखणीत आवाजात म्हणाला, "बाई, पाथरीची शेवटची गाडी कितीला हाय?"

ताईंचा अंगठा सवयीनं वेळेवर सुटला. फेरा फिरला. टिक टिक, कोरस, आणि कोरसच्या शेपटीला: "बाई, पाथरीची शेवटची गाडी कितीला हाय?"

सारा मांडव हसला. उमाजीनं मागं वळून पाहिलं. "आरं, हे कोन माझ्याच आवाजात विचारायलंय?"

प्रश्न परत आला. मग परत.

शेवटचा थर पुसायची सोय डब्यात असते. पण प्रश्न ज्या थरात अडकला होता त्याच थरात ताईंनी गायलेली कोरसची ओळही होती. पुसलं असतं तर दोन्ही गेलं असतं. व्यंकटराव खुर्चीतून अर्धे उठले होते. पण चौदा वर्षं त्या खिडकीत बसलेल्या बाईला कुणी गाडी विचारली, तर उत्तर न देता राहवणार कसं? पुढच्या फेऱ्याला प्रश्न संपला, आणि त्यांनी ठेक्यावर, स्थानकावरच्या त्याच आवाजात उत्तर दिलं:

"पावणेनऊला, मामा, पावणेनऊला!"

टाळ्या पडल्या. प्रश्न परत आलाच.

"पावणेनऊला, मामा, पावणेनऊला, चहा घ्या खुशाल, लय टाइम हाय!"

मग त्या थांबेनात. दर फेऱ्याला नवं उत्तर. खिडकीची जागा धरून ठेवते, औषधाची बाटली सांभाळून न्या, तुमच्या गावाला थांबा हाय, मामा, हात दाखवा. पाचव्या फेऱ्यापर्यंत प्रश्न एकटा उमाजी विचारत नव्हता, सारा मांडव विचारत होता. बाया पदर तोंडाला लावून विचारत होत्या, अडत्ये मांडीवर थाप मारून विचारत होते.

सरांनी तोवर निळा डोह पुसून काचेवर लाल शाई पसरली होती. बोटानं दोन रेघा मारल्या आणि लाल गाडी उभी राहिली. चाकांच्या जागी सरकीचे दोन दाणे ठेवून ब्रशनं फिरवले. ॲपनं ती हालचाल धरली आणि चाकं आपोआप फिरायला लागली.

"सर, डायव्हर कुठंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

सर खरंच विसरले होते. त्यांनी शाईत अंगठा बुडवून समोरच्या खिडकीत ठसा उमटवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तसे ते भराभर मागच्या खिडक्यांतही ठसे उठवत गेले. गाडी भरली.

ताईंनी माइक तारेसकट ओढून पहिल्या रांगेपर्यंत आणला. "मामा, तुमी मेंढरं कशी बोलवता, ते दाखवा की."

"हितं मेंढरं न्हाईत. कुनाला बोलावू?"

"एवढी बसलीत की समोर."

हशा पिकला. उमाजीही हसला. घोंगडी सावरून उभा राहिला, मान वर केली आणि हाक दिली: "हुर्र्र्र यीऽ यीऽ यीऽ!" त्या हाकेनं मांडवाचं कापड हललं असं आम्ही अजून सांगतो. ताईंचा अंगठा आधीच उचललेला होता. हाक फेऱ्यात पडली आणि टिकटिकीवर, कोरसवर, प्रश्नावर फिरू लागली. सरांनी खिशातून कापसाचं बोंड काढलं, बोटांनी पिंजून बारीक पुंजके काचेवर सोडले आणि हळूच फुंकर मारली. पडद्यावर पांढरी मेंढरं लाल गाडीच्या पुढं रस्ता ओलांडायला लागली. सरांनी चाकं थांबवली.

ताईंनी पडद्याकडं पाहिलं आणि माइक तोंडाशी नेला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. मेंढरं रस्ता ओलांडत असल्यामुळे गाडी थोड्या वेळानं सुटेल."

लोक उभे राहून ओरडत होते. व्यंकटरावही उभे होते, आणि मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी वाजवायचा प्रयत्न करताना पाहिलं. ती वाजली नाही.

या साऱ्या गोंधळात ताईंचं लक्ष मनगटावर गेलं. आठ पस्तीस. मांडवातली निम्मी माणसं पाथरीच्या बाजूची होती, आणि गाडी खरोखरच पावणेनऊला होती. त्यांनी आवाज खाली आणला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. पाथरीकडे जाणारी शेवटची गाडी दहा मिनिटांत सुटत आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी हललं नाही.

त्यांनी परत सांगितलं. लोकांनी ठेका धरला.

तेव्हा ताईंनी डबा दोनदा दाबला. सगळं एकदम थांबलं. माइक बाजूला ठेवून त्या घरच्या आवाजात ओरडल्या, "आवो, खरंच सांगायलेय! गाडी खरंच हाय! पळा!"

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. बाया चपला हातात घेऊन, उमाजी घोंगडी आणि औषधाची बाटली सांभाळत, सर काच बगलेत धरून, ताई डबा पिशवीत कोंबून, सगळे स्थानकाकडं. व्यंकटरावांचा सत्कार राहून गेला होता. ते शाल आणि नारळ घेऊन मागं पळत आले आणि सुटत्या गाडीच्या खिडकीतून दोन्ही आत दिले. शाल ताईंना मिळाली, नारळ उमाजीच्या हातात पडला आणि त्यानं तो परत केला नाही. गाडीभर लोक "शेवटची गाडी कितीला हाय" म्हणत होते. कंडक्टर दर वेळी सांगत होता, "अहो, हीच आहे."

दुसऱ्या दिवसापासून मांडवात कुणीतरी काढलेला व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर. पंधरा दिवस चौकशीच्या खिडकीवर कॉलेजची पोरं चालीत गाडी विचारायची. ताई आधी हैराण झाल्या, मग त्याच चालीत उत्तर द्यायला लागल्या. वरच्या साहेबांनी बोलावून एवढंच विचारलं, की हे ड्यूटीच्या वेळेत नाही ना. नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच्या गावच्या कार्यक्रमाची तारीख दिली. वर्षभरात अकरा कार्यक्रम झाले, सगळे ताईंच्या साप्ताहिक सुट्टीला.

यंदा मार्चमध्ये एका दुपारी खिडकीपुढं एक म्हातारी येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, हातात काठी.

"तूच का ती डब्यावाली बाई?"

"हो. कुठं जायचंय, मावशी?"

"कुठं न्हाई. मी भिवराबाई. उमाजीची बायकू. ह्यांचा आवाज गावोगाव वाजायलाय, माझा कावून न्हाई? मेंढरं माझ्या आवाजाला येत्यात. ह्यांचं ती ऐकतबी न्हाईत."

पुढच्या सुट्टीला ताई आणि सर त्यांच्या मेंढरांच्या वाड्यावर गेले. तमाशा बघायला मीही गेलो. ऊस निघालेल्या रानात मेंढरं बसवलेली होती. बॅटरीवर चालणारा छोटा स्पीकर बांधावर ठेवला. आधी उमाजीची हाक घेतली आणि फिरवली. मेंढरं चरत राहिली. एकीनंही मान वर केली नाही. उमाजी म्हणाला, वारं उलटं हाय.

मग भिवराबाईंनी हाक दिली. बारीक, लांब, शेवटी दोन टिचक्या. ताईंनी अंगठा सोडला. पहिल्या फेऱ्याला माना वर झाल्या. दुसऱ्याला सगळा कळप निघाला. तिसऱ्याला दीडशे मेंढरं आमच्या अंगावर आली. स्पीकर हाका मारतच होता, म्हणून ती थांबेनात. सर मोबाइल डोक्यावर धरून मधोमध अडकले होते.

"बास कर की माय!" भिवराबाई हसून हसून काठीवर वाकल्या होत्या. "येडी व्हतील ती!"

ताई डब्यापर्यंत पोचल्या, पण एक मेंढा आधी पोचला होता. त्याचा खूर बरोबर बटनावर होता. त्यानं एकदा दाबलं, डब्याचा कान उघडला. मेंढा ताईंकडं बघून तोंडभर ओरडला, आणि खूर उचलून परत ठेवला.

फेरा अगदी नेमका जुळला. जरासुद्धा लंगडला नाही.

"बघा," ताई सरांना म्हणाल्या, "आणि मला महिना लागला."